डबा कुणाबरोबर खातोस?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला ‘शिक्षण आणि आपली मुले’ हा विषय दिला आहे. या विषयावर बोलायला आमच्यापेक्षा शिकलेली माणसे समोर बसलेली आहेत. आम्ही पडलो गिरणी कामगार. नववीत शाळा सुटली, पुढचं जे काही झालं ते रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा फी, क्लास आणि टक्के यांवर आम्ही बोलणार नाही. एकच गोष्ट विचारणार आहोत. आपलं पोर शाळेत कुणाशेजारी बसतं? मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खातं? घरी आल्यावर आपण विचारतो, बाईंनी काय शिकवलं? आज तुझ्याशी कोण बोललं नाही, असं कुणी विचारतं का?

बाबासाहेबांच्या शाळेची हकीकत आपण दर १४ एप्रिलला सांगतो. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं, शिपायाने पाणी दिलं तरच प्यायचं, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे. पण आपण त्यातले मास्तर आणि शिपाई तेवढे सांगतो. सोबतच्या मुलांचं कुणी बोलत नाही. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले होते. वर्गात एकच गलका झाला, मुलं धावली आणि आपापले डबे बाजूला काढू लागली. विचार करा, डबे हलवा असं मास्तर म्हणाले नव्हते. पोरांनी आपलं आपण केलं. घरात जे शिकले ते वर्गात वापरलं.

तेच बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९२० साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा कमी पडलेले पैसे भथेनांनी उसने दिले. एका शाळेतले सोबती डबे उचलणारे आणि दुसरीकडचा सोबती पैसे देणारा. विद्यार्थी तोच होता.

आता आमच्या पिढीचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आपण समजतो की गरिबीने शाळा सुटली. ते खरंच आहे, पण अर्धं. आमच्या चाळीतला पहिला मुलगा खानावळीत कामाला लागला तो नाइलाजाने. दुसरा लागला कारण पहिल्याच्या खिशात पैसे दिसायला लागले. तिसरा लागला कारण शाळेच्या वाटेवर सोबत कुणी उरलं नाही. आमचा नंबर पाचवा. आमच्या वडिलांनी शाळा सोड म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं. मूल एकटं शाळा सोडत नाही मंडळी, टोळीने सोडतं. आणि टिकतंही टोळीनेच. पुढे रात्रशाळेत आम्ही तिघे जण एकाच दिव्याखाली बसायचो. त्यातला एक जरी गळाला असता तर बाकीचे दोघे गळाले असते, हे आम्ही पैजेवर सांगतो.

पियाजे नावाचे स्वित्झर्लंडचे एक मोठे अभ्यासक होऊन गेले. त्यांनी काय केलं, तर मुलांच्या गोट्यांच्या डावात जाऊन बसले आणि नियम विचारू लागले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली निघालं. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्यांनी सांगितलेला नियम मूल धाकाने पाळतं. पण बरोबरीच्या पोरांत भांडून, रुसून, पुन्हा डाव मांडून जो नियम ठरतो त्यातून त्याला न्याय म्हणजे काय ते कळतं. म्हणजे भांडण झालं की लगेच धावत जाऊन आपल्या पोराची बाजू घेणारे आपण त्याचा एक तासच बुडवतो. (आमच्या गल्लीत पोरांच्या भांडणातून बायांची भांडणं होतात आणि पोरं तोवर पुन्हा खेळायलाही लागलेली असतात, ते वेगळं.)

पण बरोबरीचं नातं हवेतून येत नाही. ते घडवावं लागतं. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळात वसतिगृहं निघाली, त्यांचा उपकार मोठा, पण बहुतेक जातवार होती. कर्मवीर भाऊराव पाटील तिथेच जैन वसतिगृहात राहून शिकले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं, की जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि एका पंगतीत जेवायची. मुलांना कामंही वाटून दिलेली असत. ज्याच्याबरोबर चूल पेटवली त्याच्या ताटाचा विटाळ कसा धरणार? अमेरिकेतल्या ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ साली हेच शास्त्र म्हणून मांडलं : नुसतं शेजारी बसवून मनं जुळत नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एक हवं, आणि वरच्या माणसाने त्याला पाठिंबा द्यायला हवा. कर्मवीरांनी ते तीस वर्षं आधी करून दाखवलं होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पहिल्या वर्गाला २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना दिल्या. श्रीमंत पालकांनी ओरड केली की आमची मुलं बिघडतील. दिल्लीत असा नियम आधीपासून होता. तिथल्या शाळांत गौतम राव या अर्थतज्ज्ञांनी पाहणी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, आणि गरीब मुलाला खेळात जोडीदार घ्यायला कमी कचरली. वर्गात दंगा थोडा वाढला, इंग्रजीचे गुण किंचित कमी झाले, तेही त्यात लिहिलं आहे.

सोबत्यांची दुसरी बाजूही बघा. आपल्या दिव्याची गाडी सगळ्यांना माहीत आहे. २०१५ च्या जानेवारीत इथे रेल रोको झाला, २०१६ पासून काही जलद गाड्या थांबू लागल्या, तरी सकाळी आत शिरायला जागा नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली आणि जिवानिशी गेली, तो गर्दीचा दोष होता, त्यांचा नव्हता. आम्ही सांगतोय ते दुपारचं. गाडी रिकामी असते, बाकडी मोकळी असतात, आणि आपली अकरावी-बारावीची पोरं दाराबाहेर झुकलेली असतात. एकट्या पोराला विचारा, म्हणेल, काका, भीती वाटते. पण आत जाऊन बसला तर चौघे त्याला ‘बायल्या’ म्हणतील. रुळाजवळच्या खांबापेक्षा त्याला त्या शब्दाचं भय जास्त. भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुणाला मित्र कसे ओळखावेत ते सांगितलं, त्यात वाईट कामात सोबत करणारा तो मित्राच्या वेषातला वैरी म्हटलेला आहे. पण पोराला हे नुसतं ऐकवून भागत नाही. त्याला आत बसणारा एक तरी मित्र मिळवून द्यावा लागतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आम्हाला संकोच होतो, तरी सांगतो. डम्पिंग चालू होतं तेव्हाची गोष्ट. आपल्या रविवारच्या वर्गात एक नवा मुलगा यायला लागला. आई भंगार वेचायची. वय दहा-अकरा. आपली मुलं, म्हणजे याच सतरंजीवरची, त्याला ‘डम्पिंग’ म्हणून हाक मारू लागली. तो बसला की सतरंजी हळूच पुढे ओढायची. वर्ग आम्ही घेत होतो. आम्ही ते पाहिलं. मुलांना रागावलो तर त्याला जास्त लागेल असं वाटलं, म्हणून आम्ही प्रेमाने त्याला म्हणालो, बाळ, तू इकडे आमच्याजवळ बस. तो येऊन बसला. दोन रविवार बसला. तिसऱ्या रविवारी आला नाही.

घरी आमची मुलगी म्हणाली, “पप्पा, तुम्हीच त्याला वेगळं बसवलंत.”

बांधवांनो, आम्ही आयुष्यभर गोणपाटाची गोष्ट सांगत आलो. आणि गोणपाट आम्हीच अंथरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या झोपडीवर गेलो. आई म्हणाली, तिकडे त्याला कुणी खेळायला घेत नाही, मग कशाला येईल? आमच्याजवळ उत्तर नव्हतं. शेवटी आमच्या मुलीनेच मार्ग काढला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणींनी त्याला संध्याकाळी मैदानात बोलावलं. पोरगा बोलिंग चांगली टाकायचा. महिनाभर पोरांनी त्याच्याकडून नुसती बोलिंगच करून घेतली, बॅटिंग देईनात. मग एकदा तोच भांडला, बॅट हिसकावून घेतली, धक्काबुक्की झाली. त्यानंतर त्याला बॅटिंग मिळू लागली आणि नावाने हाक मारायलाही सुरुवात झाली. आम्ही त्यात काही केलं नाही, लांब उभे राहिलो एवढंच. तो वर्गात परत आला, पाच-सहा महिने आला. पुढे ते कुटुंब कल्याणकडे गेलं, त्यानंतर गाठ पडली नाही.

तेव्हापासून वर्गात आम्ही कुणाला पुढे-मागे बसवत नाही. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतो. जोडीने पाठांतर, जोडीने विहार झाडणे, जोडीने पाणी भरणे. सुरुवातीला काही आयांनी येऊन सांगितलं, आमच्या मुलीला अमक्याबरोबर नको. त्यांची नावं घेत नाही. त्या इथे बसल्या आहेत, आणि त्यांच्या मुली आता त्याच जोडीदारणीबरोबर शाळेत जातात.

वर्ग दर रविवारी सकाळी १० ला भरतो. पुढच्या वेळी आपल्या पोराबरोबर त्याच्या शाळेतला एक सोबतीही पाठवा. तो आपल्या समाजाचाच असला पाहिजे असं नाही. आणि डबा दोघांना पुरेल एवढा द्या.

जय भीम!