कासवाचे घर आणि कायदा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



याच संस्थेच्या शिष्यवृत्तीवर मी वकिलीची परीक्षा दिली. म्हणून पाहुणा या नात्याने नव्हे, तर घरचा माणूस या नात्याने बोलतो; आणि घरच्या माणसाचे चार कडू शब्द आपण गोड मानून घ्याल, अशी आशा आहे.

माझे बालपण पेडणे तालुक्यातील समुद्रकाठच्या गावात गेले. थंडीच्या दिवसांत रात्री कासवे वाळूत चढत. पहाटे त्यांचा माग काढीत आम्ही मुले जात असू आणि काठीने वाळू टोचून पाहत असू. काठी सैल शिरली की अंडी सापडलीच. ती घरी आणली म्हणजे शाबासकी मिळे. त्यात काही गैर आहे असे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वकील झाल्यावर मी प्रथम वाचली आणि चपापलो. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, किंबहुना त्यांचे घरटे नुसते विसकटणे हीसुद्धा शिकारच, असे तीत म्हटले आहे. ऑलिव्ह रिडले हे आपल्या किनाऱ्यावर येणारे कासव आज पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. आमची ती काठी त्या व्याख्येत नेमकी बसते!

तथापि अंडी चोरणारा हात पकडता येतो. घर नाहीसे करणारा हात पकडणे कठीण. कासवाची मादी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. उबवण्याचे काम वाळू करते. सुमारे दीड-दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर. रात्री बाहेर आलेले पिल्लू जिकडे उजेड दिसेल तिकडे धावते. कारण निसर्गतः रात्रीचा उजळ भाग समुद्राकडचा असतो. किनाऱ्यावर दिवे लावले म्हणजे ते उलट दिशेने, माडांकडे आणि रस्त्याकडे चालू लागते. तेथे कुत्री व कावळे टपलेले असतात, आणि उरलेली उन्हाने मरतात. एकाही अंड्याला हात न लावता अशी सारी वीण नष्ट होऊ शकते.

म्हणूनच प्राण्याबरोबर त्याच्या जागेसही कायद्याचे छत्र हवे. १९९१ साली किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध आले. २०११ च्या अधिसूचनेत आपल्या गोव्यातील मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांची नावे कासवांची विणीची ठिकाणे म्हणून घातली गेली. ओडिशात गहिरमाथा येथे तर १९९७ साली समुद्राचा भागच अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कारण कासवास श्वास घेण्यासाठी वर यावे लागते, आणि ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले की ते बुडून मरते.

कायद्याच्या जोडीला गावाचे मन असेल तर काय होते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासने दाखविले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तेथे काम आरंभले. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास दुरून लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, आणि गावास चार पैसे मिळतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या संस्थेची किनाऱ्यालगतची जागा एका व्यावसायिकाने भाड्याने मागितली आहे. येणाऱ्या भाड्यातून शिष्यवृत्त्या वाढविण्याचा मंडळाचा विचार आहे. जागा नियमांच्या रेषेबाहेर आहे, हे मी कागदपत्र पाहून सांगतो. परंतु तेथील दिव्यांचा उजेड वाळूपर्यंत पोहोचेल, हे मी संध्याकाळी तेथे उभा राहून पाहिले आहे. रेषेबाहेर पेटलेला दिवा रेषेच्या आतले पिल्लू मारू शकतो.

जागा भाड्याने देऊच नका, असे मी म्हणत नाही. शिष्यवृत्ती नसती तर मीही आज येथे उभा नसतो. पण कायदा जेथे थांबतो, तेथे करार सुरू करता येतो. नोव्हेंबर ते मे या काळात वाळूवरून दिसेल असा एकही दिवा नको, रात्री वाळूवर खुर्च्या व गाड्या नकोत, आणि माग दिसल्यास वन खात्यास तत्काळ कळवावे, या अटी भाडेपट्ट्यात लिहून घ्या. अटी मोडल्यास भाडेपट्टा रद्द, असेही लिहा. अशाने भाडे कमी येईल, हे उघड आहे. त्या तुटीपैकी दरसाल एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती मी हयात आहे तोवर भरीन. ज्या अंड्यांबद्दल मला शाबासकी मिळाली, त्यांचे देणे माझ्याकडे अजून शिल्लक आहे.

भाडेपट्ट्याचा मसुदा मी सोबत आणला आहे. तो अध्यक्षांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.