आठ खेचरांची तोफ

डोंगरी तोफेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो पल्ल्याचा. पहिल्या महायुद्धानंतर वायव्य सरहद्दीवर राबलेली ३.७ इंची हॉवित्झर घ्या. गोळा सुमारे नऊ किलोंचा, पल्ला साधारण साडेपाच किलोमीटर. मैदानी तोफांपुढे हा आकडा लहानच. पण पल्ला राहू द्या, ओझी बघा. ही अख्खी तोफ आठ खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढायची!

धनगरांचं बिऱ्हाड घाट उतरताना पाहिलंय ना? कुठल्या घोडीवर काय लादायचं, हे आधीच ठरलेलं असतं. एक बाजू जड झाली की घोडीची पाठ सोलते. मुक्कामाला आधी लागणारी वस्तू तळाशी गेली, तर अंधारात सगळंच सोडावं लागतं. तोफेचं बिऱ्हाडही असंच. नळीचेसुद्धा दोन तुकडे, ते जागेवर पोचल्यावर जोडून आवळायचे. धनगरांचं एखादं भांडं हरवलं तर स्वयंपाक अडत नाही. इथे नळीचं खेचर दरीत गेलं, की उरलेली सात नुसतं लोखंड वाहतात.

म्हणून पुन्हा सांगतो, ओझी बघा. १९३६-३७ साली याच सरहद्दीवरच्या वझिरिस्तानात फौज दरीतून चालायची आणि तिच्या रक्षणाला टेकड्यांवर चौक्या बसायच्या. कड्यामागे दडलेल्यांवर हॉवित्झरचा गोळा उंच कमान करून पडायचा. पण तो वेळेवर पडायचा, कारण खाली कुणीतरी दोऱ्या झटपट सोडून तुकडे जोडलेले असायचे. शीख आणि पंजाबी मुसलमान जवान होते ते. इतिहास लिहिणारे अधिकाऱ्यांची नावं देतात, मोहिमांच्या तारखा देतात. लगाम धरून चाललेल्या माणसाला एक ओळ देत नाहीत. हे बरं नव्हे.

आणखी एक. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातून तोफा काढून घेतल्या, डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या मुख्यतः उरल्या. मैदानी तोफखाना हिंदी जवानांना मिळाला तो थेट १९३५ साली, बंगळूरला. मधली सगळी वर्षं तोफेची विद्या टिकली ती या खेचरांमागून चालणाऱ्यांत. आपला तोफखाना २८ सप्टेंबरला वर्धापनदिन पाळतो, तो १८२७ साली उभ्या राहिलेल्या पाचव्या बॉम्बे माउंटन बॅटरीचा. मुंबई इलाख्यातली ही तुकडी सरहद्दीच्या डोंगरांत कशी पोचली, ते सांगायचं होतं, पण वेळ संपली.