शर्यतीच्या बैलांची तयारी



कसारा हे घाटाच्या पायथ्याचे गाव, आणि कासरा ही बैल आवरण्याची दोरी. काना काय तो एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकला आहे. परंतु आजच्या विषयास दोन्ही उपयोगी आहेत.

1865 साली थळ घाटातून आगगाडी सुरू झाली. तेथील चढ 37 फुटांस 1 फूट असा असल्यामुळे इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांस जादा इंजिने कसाऱ्यासच जोडतात. चढावर गाडी अडल्यावर इंजिन शोधावयास कोणी निघत नाही. बैलगाडीच्या शर्यतीचेही असेच आहे. लोकांना मैदानावरील क्षणभराची धाव दिसते; तिच्या मागची कित्येक महिन्यांची मेहनत गोठ्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नसते.

मेहनतीचा आरंभ जनावराच्या निवडीपासून होतो. शहापूर, इगतपुरी व अकोले या पट्ट्यातील डांगी बैल मुसळधार पावसात टिकणारा, कठीण खुरांचा व ओझ्यास दमदार. परंतु वेगासाठी नाव आहे ते सांगली-सोलापूरकडच्या खिल्लाराचे. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेच्या यात्रेस जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक आधी दात पाहते, कारण दोनदाती खोंडाचे हाड अजून कोवळे असते. त्यास पुरत्या वेगाने पळविणे म्हणजे पुढील दहा वर्षांची कमाई एका दिवसात खर्चून टाकणे होय.

पुढे जोडी जमवावयाची. एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असला, तर जू तिरपे बसते आणि एकाच खांद्यावर भार पडून तो सुजतो. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळद लावून खांदे मळण्याची चाल आहे, तिच्यात हेच शहाणपण साठविले आहे. फक्त शर्यतीच्या बैलाचा खांदा वर्षातून एकदा नव्हे, रोज चाचपावा लागतो. चाल प्रथम पहाटेच्या गारव्यात, केवळ चालण्याची. मग रिकामी गाडी. मग थोडी धाव. आणि धावेच्या दुसऱ्या दिवशी विसावा.

खुराकाच्या बाबतीत उत्साही मालक हमखास चुकतात. शर्यत जवळ आली की धान्याची टोपली एकाएकी भरतात. बैलाच्या पोटास वैरणीची सवय असते. अचानक पडलेल्या धान्याने पोटात आम्ल वाढते आणि बैल चारा टाकतो. म्हणून धान्य वा पेंड वाढवावयाची ती हळूहळू, आणि पोट भरलेले असता धाव घ्यावयाचीच नाही. संध्याकाळी बैल निवांत रवंथ करीत बसला, तर दिवसाची मेहनत त्यास मानवली असे समजावे. रवंथ थांबले, तोंड उघडे पडून जीभ बाहेर आली, तर दुसऱ्या दिवशी जू खांद्यावर ठेवू नये.

हे कोणास अतिदक्षतेचे वाटेल. परंतु अलास्का येथे 1973 पासून अँकरेज ते नोम अशी सुमारे 1600 किलोमीटरांची कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत होते. तेथे वाटेत 24 तासांचा एक मुक्काम सक्तीचा आहे. ठिकठिकाणी पशुवैद्य कुत्री तपासतात, आणि थकलेले कुत्रे मागे ठेवून गाडीवान पुढे जातो. त्याची लायकी ठरते ती यावरूनच.

आपल्याकडे 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या. 2017 साली महाराष्ट्राने कायदा केला, 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. धाव 1000 मीटरांहून अधिक नसावी, गाडीवानाजवळ काठी वा चाबूक नसावा, पशुवैद्याची तपासणी व्हावी, अशी बंधने त्यात आहेत. कित्येकांना ती जाचक वाटतात. वास्तविक ज्याने वर्षभर तयारी केली, त्यास चाबकाची गरजच पडत नाही. चाबूक लागतो तो तयारीतील उणीव झाकण्यासाठी.

परवानगी परत मिळाली आहे. ती टिकविणे मालकांच्या हाती आहे. बैल पळण्यास नकार देऊ शकत नाही. मालक मात्र त्याच्या वतीने देऊ शकतो. ऐन यात्रेच्या दिवशी, सारा गाव पाहत असता, पाय जड दिसलेली जोडी गोठ्यात परत नेण्याचे धैर्य ज्यास असेल, त्याच्याच हाती कासरा शोभतो.