खरी जर आणि खोटी जर

ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात आपल्या बऱ्हाणपुरास येऊन गेला. येथील तलम कापडास आणि जरीच्या पट्ट्यांच्या ओढण्यांस इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरो येथवर गिऱ्हाईक असल्याचे त्याने नमूद केले आहे. १६७६ साली पॅरिसला छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात मालातील लबाड्यांवरही एक प्रकरण आहे: ठाण आखूड भरणे, पन्हा कमी ठेवणे, गठ्ठ्याच्या पोटात हलका माल दडवणे. परमुलखात खरेदीस निघालेल्या माणसाची चिंता तेव्हाही हीच होती.

कापड निदान हाताला कळते. जर मात्र डोळ्यांना फसविते. चांदीच्या कांबीवर सोन्याचा मुलामा चढवावयाचा, ती लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढावयाची, तार चपटी करून रेशमावर गुंडाळावयाची, की झाला कलाबतू. कांबीतच तांबे मिसळले, तर पुढे ते कोणास दिसणार? म्हणूनच या गावी तार ओढण्याचा धंदा ठराविक घराण्यांकडे वंशपरंपरेने असे आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर सरकारी तपासणीही होती. आज गावात यंत्रमागांचा खडखडाट आहे. ती तपासणी राहिलेली नाही. पारख आपणांवरच येऊन पडली आहे.

ती करावी कशी? पदराच्या कडेचा एक सुटा धागा घ्यावा आणि वरची चपटी तार नखाने उलगडावी. आत लाल दिसले की पुष्कळजण 'तांबे, तांबे' म्हणून ओरडतात. ही घाई बरी नव्हे. खऱ्या जरीतील रेशीम पुष्कळदा मुद्दामच लाल वा पिवळे रंगविलेले असते. पाहावयाचे ते तारेकडे. ती घासल्यावर पांढरी निघाली तर चांदी, तांबूस निघाली तर तांबे. धागा ज्योतीवर धरला असता रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि तारेचे वेटोळे तसेच राहते. प्लॅस्टिकची जर आक्रसून वितळते व तिची गोळी होते. जर काळवंडणे हा मात्र खोटेपणाचा पुरावा नव्हे; चांदी काळी पडतेच. हिरवट डाग दिसले, तर संशय घ्यावा.

आमच्या शेजारच्या एका आजीबाईंनी असाच काळा पडलेला शालू 'खोट्या जरीचा' समजून दारावर आलेल्या बाईस दोन स्टीलच्या पातेल्यांवर देऊ केला होता. सुनेने एक धागा उलगडला. तार पांढरीशुभ्र निघाली. पातेली परत गेली आणि शालू पुन्हा ट्रंकेत. नवा शालू घेताना दुकानदाराकडून पावतीवर 'चांदीची जर' एवढे दोन शब्द लिहून मागावेत. तो लेखणी उचलतो, की दुसराच शालू दाखवू लागतो, तेही पाहावे.