साक्षीदाराच्या पिंजऱ्याबाहेर

नांदेड-लातूर-परभणी-हिंगोलीहून आलेले पालक आणि आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो,

तुम्हा सर्वांचं अभिनंदन. पालकांचं विशेष अभिनंदन, कारण या भागात एका मुलीला विधी किंवा समाजकार्याच्या पदवीपर्यंत पोहोचवायचं म्हणजे घरात काय काय गहाण पडतं ते मी जवळून पाहिलं आहे.

मला बोलावलं ते गुन्ह्याचे बळी, स्त्रिया आणि सत्ता या विषयावर बोलण्यासाठी. नांदेड आणि लातूरच्या कोर्टांत मी सरकारी वकील म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर काही काळ पीडितशास्त्र शिकवलं. मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, ती आधीच सांगते. पीडित व्यक्तीचा अभ्यास तिच्यापासून सुरू करू नका. ती ज्यांच्या मधोमध उभी आहे त्यांच्यापासून सुरू करा. जमीन कोणाची, उचल कोणाची, पंच कोण, दवाखान्यात तिला कोण घेऊन गेलं, कोर्टात ती कोणाच्या गाडीतून आली, हे आधी लिहा. तिने काय केलं, काय घातलं होतं, ओरडली का नाही, हे सगळं नंतर. किंवा नाहीच.

आमच्या अभ्यासात ते उलटं होतं. या शास्त्राची सुरुवातच मुळी बळीच्या दोषाची मोजणी करण्यापासून झाली. हान्स फॉन हेन्टिगचं पुस्तक १९४८चं. बेंजामिन मेंडेलसोनने तर बळींची वर्गवारीच केली: पूर्ण निर्दोष बळी एका टोकाला आणि सर्वांत दोषी बळी दुसऱ्या टोकाला. पुढे १९७१ साली मेनाकेम आमिरचा फिलाडेल्फियातल्या बलात्कारांवरचा अभ्यास आला. पोलिसांच्या नोंदी वाचून त्याने ठरवलं की १९ टक्के प्रकरणं बळीने ओढवून घेतलेली होती. ओढवून घेतलं म्हणजे काय, तर सोबत दारू प्यायली, अनोळखी माणसाच्या गाडीत बसली. अमेरिकेतल्या स्त्रीवादी अभ्यासकांनी तेव्हाच त्याच्यावर सडकून टीका केली. ती टीका आमच्यापर्यंत आलीच नाही. १९ टक्के तेवढे आले. 'गुन्ह्यातील बळीचा वाटा सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न मी स्वतः परीक्षेत सोडवला आहे आणि त्याला चांगले गुण मिळाले आहेत. पुढे तेच उत्तर उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की ते पुस्तकातून कोर्टात आलं की कोर्टातून पुस्तकात गेलं, हे कळेनासं झालं.

खरं तर फिलाडेल्फियाला जायची आपल्याला गरज नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या विधवेने जन्मलेलं मूल मारलं म्हणून तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. जोतीरावांनी तिच्या हातून काय घडलं एवढ्यावर न थांबता, तिला त्या टोकापर्यंत कोणी आणून सोडलं ते विचारलं. तिला फसवणारा पुरुष मोकळा आणि ती अंदमानात, हे त्यांनी लिहून ठेवलं. नंतर सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली आणि वर्तमानपत्रं बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बाईत बळी पाहणारी ही माणसं. पीडितशास्त्राच्या पहिल्या तासाला त्यांची नावं का घेतली जात नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. अभ्यास मंडळांपुढे मी ती मांडली आहे. आज तुमच्यापुढेही मांडते, कारण उद्या त्या मंडळांवर तुमच्यापैकीच कोणी असेल.

देसाईगंजचं प्रकरण तुम्ही सगळ्यांनी वाचलं आहे. २६ मार्च १९७२ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पोलीस ठाणं, एक अनाथ आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. सत्र न्यायालयाने १९७४ साली त्या पोलिसांना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली आणि भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, असं स्पष्ट म्हटलं. सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षाही रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे प्रतिकार नव्हता, म्हणजे संमती होती. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. तुम्ही १९८३ची दुरुस्ती पाठ करता ती त्या पत्रामुळे पेटलेल्या आंदोलनातून आली. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं न्यायालयाने गृहीत धरावं, हे तेव्हा कायद्यात आलं. पण माझ्या मते त्या पत्राचं मोठेपण कलमांपेक्षा वेगळं आहे. न्यायालय मुलीच्या अंगाकडे पाहत होतं. त्या चौघांनी खोलीकडे पाहिलं: रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, आत वर्दीतली माणसं, नातलग बाहेर काढलेले, आणि मजुरी करून जगणारी मुलगी. प्रश्न कुठून सुरू करायचा ते त्यांनी दाखवलं.

आता कंधार भागातल्या एका बाईबद्दल सांगते. गावाचं नाव सांगत नाही. तिच्या मुलीवर अत्याचार झाला होता, फिर्याद आईची. तपास बरा झाला होता, वैद्यकीय पुरावा होता. आई पिंजऱ्यात आली आणि म्हणाली, मला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. मी कोर्टाची परवानगी घेऊन माझ्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतली. ती खाली मान घालून 'नाही, नाही' म्हणत राहिली. साक्षीदार फितूर, अशी नोंद झाली. मुलीनेही आईच्या मागे तेच सांगितलं. आरोपी सुटला.

नंतर ती मला एसटी स्टँडवर भेटली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "काय करू बाई, उचल अंगावर हाय. मुकादम त्यांचाच. दुसरी लेक बी हाय मला." तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ऊसतोडीची उचल एका कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. कष्ट दोघांचे, पैसे नवऱ्याच्या हातात आणि कर्ज दोघांच्या मानेवर. मुकादम आरोपीच्या भावकीतला. साक्ष दिली असती तर दसऱ्यानंतर तिला कोणत्याच टोळीत जागा मिळाली नसती आणि उचल मात्र एकरकमी परत मागितली गेली असती. यातलं एक अक्षरही निकालपत्रात नाही. आरोपपत्रातही नव्हतं. मुकादमाचं नाव त्या फाइलमध्ये कुठेच आलं नाही, कारण ते विचारण्याचा रकानाच कोणत्या नमुन्यात नव्हता.

त्या वर्षी आमच्या आढावा बैठकीत हे प्रकरण एका ओळीत संपलं. साहेबांनी शिक्षेच्या टक्केवारीचा तक्ता वाचला आणि म्हणाले, बायका ऐन वेळी फिरतात, त्याला आपण काय करणार. बैठकीत मी एकटी बाई होते. बोलले. इतिवृत्तात ते आलं नाही.

दवाखान्यांचंही सांगायला हवं. वैद्यकीय अहवालात 'शरीरसंबंधांची सवय असलेली' असा शेरा छापील नमुन्यावर मी कितीतरी वेळा वाचला. तो शेरा ज्यावरून दिला जाई ती दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निषिद्ध ठरवली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये सांगितलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मधल्या नऊ वर्षांत ती चालूच राहिली, म्हणून तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं. हे बदलण्यासाठी आपल्या राज्यात सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी न्यायवैद्यक तपासण्यांतल्या उणिवा चिकाटीने मांडल्या. एका डॉक्टरने आपल्याच व्यवसायाविरुद्ध कागद गोळा केले, याचं मोल मोठं आहे. वकिलांनी असं काही केल्याचं मला फारसं आठवत नाही.

आणि सत्ता म्हणजे फक्त पुरुषाची बाईवर, असं समजून या भागात काम करता येणार नाही. तुमच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे ते नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालं. त्याच वर्षी जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्याच्या सोळा वर्षं आधी या नामांतरावरूनच मराठवाडा जळला होता. याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना १९७८ साली ठार मारण्यात आलं. दलित वस्त्या पेटल्या, माणसं रानात लपली. गावात राहायचं, मारणाऱ्यांच्याच शेतावर कामाला जायचं आणि त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायची, हे त्या माणसांना कसं जमावं? अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा. त्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण यायला २०१६ उजाडलं. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकलं पाहिजे, प्रवासाचा आणि पोटाचा खर्च दिला पाहिजे, संरक्षण दिलं पाहिजे, हे आता कलम १५-अ मध्ये आहे. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात ते किती वेळा पाळलं जातं, यावर मराठीत एकही नीट अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. पीएच.डी.ला विषय शोधणाऱ्यांनी हा घ्या.

लातूरकरांना किल्लारीचा भूकंप सांगायला नको. सप्टेंबर १९९३नंतर अनुदानाचे चेक आले तेव्हा आम्ही काही वकील मंडळी कागदपत्रांसाठी गावोगाव जात होतो. नवरा, मुलं गमावलेल्या बायकांच्या नावावर रक्कम जमा झाली आणि पासबुक दिराच्या खिशात गेलं, हे मी तेव्हा पाहिलं. तेव्हापासून भरपाई मंजूर झाली असं कोणी सांगितलं की मी विचारते, पासबुक कोणाकडे आहे? मनोधैर्य योजना २०१३ साली आली. चांगली योजना आहे. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून रक्कम मंजूर होईपर्यंत मुलीचं लग्न उरकलेलं असतं, तेही अनेकदा अठराच्या आत, आणि पैसे हुंड्यात जातात. भरपाईच्या समितीवर कधी बसलात तर मंजुरीच्या शेऱ्याखाली पासबुकाची ही चौकशीही लिहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवायची आहे. कळवलं का, कोणाच्या फोनवर कळवलं, तो फोन कोणाच्या हातात असतो, हेही विचारा. बहुतेक घरांत तो ज्याच्या हातात असतो त्याच्यापासूनच तिला लपवायचं असतं.

माझे जुने सहकारी म्हणतात, बाई, हे वकिलाचं काम नाही, समाजकार्यवाल्यांचं आहे. समाजकार्यवाले म्हणतात, हे पोलिसांचं आहे. पोलीस म्हणतात, आमच्या नमुन्यात बसत नाही. एवढी वर्षं हेच ऐकलं. आज समोर तिन्ही बाजूंना जाणारी मुलं एकाच मांडवात बसली आहेत, म्हणून मला फार आशा आहे. लातूरमधली वकील मुलगी आणि नांदेडमधली समुपदेशक मुलगी एकमेकींना फोन करून मुकादम कोणाचा ते विचारू शकतील, एवढं जरी झालं तरी पुढच्या पिंजऱ्यातली आई एकटी नसेल.

माझ्या कोर्टाच्या वह्या मी तुमच्या ग्रंथालयाला देते आहे. प्राचार्यांशी बोलणं झालं आहे. प्रत्येक प्रकरणाच्या बाजूला मी समासात लिहून ठेवलं आहे की कोर्टाबाहेर कोण उभं होतं, कोण कोणाचं देणं लागत होतं, तारीख का पडली. पीडितांची आणि गावांची नावं मी खोडली आहेत आणि ती शोधायची नाहीत, ही माझी अट आहे. बाकी सगळं वापरा. आणि अशा वह्या तुम्ही पहिल्या प्रकरणापासून ठेवा.