टाकोच्या चवीच्या तिखट करंज्या

टाको म्हणजे मेक्सिकोत चटपटीत सारण घालून खातात ती मक्याची पातळ भाकरी. विश्रामबागच्या आमच्या बचत गटानं तेच सारण करंजीत भरलं. पहिला घाणा तेलातच फुटला. सारण ओलं राहिलं होतं. तेल वाया गेलं, ऑर्डरही हुकली.

आता आम्ही दोन वाट्या मैद्यात चार चमचे कडकडीत मोहन घालून पीठ घट्ट भिजवतो. रात्रभर भिजवून मऊ शिजवलेला वाटीभर राजमा ठेचतो. कांदा, लसूण, टोमॅटो, जिरेपूड, तिखट, मीठ घालून कोरडा होईस्तोवर परततो. पूर्ण गार झाल्यावरच भरतो. कडांना पाण्याचं बोट लावून दाबतो, मध्यम आचेवर तळतो.

मिरची, टोमॅटो, राजमा मूळचे तिकडचेच. मग ही चव परकी कशी? करून बघा!