डोंगल कुठे लावलं आहे?



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतसाहित्यानंतर दुसऱ्याच दिवशी वायरलेस माऊसवर बोलायला मला उभं केलं, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. विषय घरातला आहे. वापरणारे आपण सगळे आहोत, आणि माऊस अडकला की काय करायचं हे सांगणारं माणूस मात्र चटकन सापडत नाही.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुरुस्तीच्या टेबलावर मी जे वायरलेस माऊस पाहत आलो, त्यातले बरेचसे धडधाकट होते. नवा माऊस आणण्याआधी जुन्याच्या डोंगलची, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायच्या त्याच्या छोट्या जोडीदाराची, जागा बदलून पाहिली असती, तर ते माझ्याकडे आलेच नसते. त्यामुळे आज मी माऊसपेक्षा जागेबद्दल जास्त बोलणार आहे.

आपण माऊस हलवतो तेव्हा तो रेडिओलहरींतून डोंगलला निरोप धाडतो. या लहरी 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या. आपल्या सरकारने हा पट्टा 2005 साली कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आपली वायफाय इथेच चालते, ब्लूटूथही इथेच, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह अन्न गरम करतो तोही 2450 मेगाहर्ट्झच्या आसपास. माऊसच्या निरोपाची ताकद राउटरच्या मानाने अगदीच किरकोळ, कारण त्याला एका सेलवर महिनोन्‌महिने काढायचे असतात. जत्रेत चारी बाजूंनी भोंगे वाजत असताना कुणी कानात काही सांगावं, तशी त्याची अवस्था. सांगणाऱ्याने कानाजवळ यावं, एवढाच उपाय.

आता आपलं डोंगल कुठे असतं ते आठवा. सीपीयू टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. डोंगल त्याच्या पाठीमागे. म्हणजे माऊस आणि डोंगल यांच्यामध्ये पत्र्याची अख्खी पेटी, वर टेबलाची फळी, आणि बसलेल्या माणसाचे पायसुद्धा, कारण शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. ही झाली निम्मी गोष्ट.

उरलेली निम्मी जास्त महत्त्वाची आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. सीपीयूच्या मागे काही पोर्ट आतून काळे असतात, काही निळे. निळे पोर्ट बहुधा यूएसबी 3.0 चे. यूएसबी 2.0 सेकंदाला 48 कोटी बिट वाहून नेतं, 3.0 नेतं 500 कोटी. इतक्या वेगाने विजेची उघडझाप झाली की तारेतून, जोडाच्या फटीतून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आजूबाजूलाही पसरलेला असतो. इंटेल कंपनीने 2012 साली यावर एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं. त्यात मोजमापं आहेत, आलेख आहेत, आणि वायरलेस माऊसचा उल्लेखही आहे. उपाय दोन: जोड आणि वायर यांवर चांगलं धातूचं आवरण, आणि डोंगल त्या जोडापासून लांब. पहिला उपाय कारखान्याच्या हातात. दुसरा आपल्या.

हा दोष ओळखायची खूण सांगतो. बाहेरची हार्ड डिस्क जोडून लग्नाचे फोटो कॉपी करायला घेतले, की कर्सर अडखळायला लागतो, उड्या मारतो, मधेच थिजतो. कॉपी संपली, हार्ड डिस्क काढली, की सगळं सुरळीत. असं होत असेल तर माऊसला काहीही झालेलं नाही. साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, ती काळ्या पोर्टात लावा, आणि तिच्या टोकाला डोंगल बसवून ते टेबलावर माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवा. नव्या माऊसच्या मानाने वायरीचा खर्च अगदी थोडा.

ब्लूटूथ माऊसला डोंगल नसतं, पण जागेचा प्रश्न त्यालाही आहे. ज्या मदरबोर्डवर वायफाय आणि ब्लूटूथ आधीच असतं, त्याच्या खोक्यात दोन अँटेना येतात. त्या मागे आट्यांवर फिरवून बसवायच्या असतात. घरात वायरने इंटरनेट आलं की त्यांची गरज भासत नाही आणि त्या खोक्यातच राहतात. मग ब्लूटूथ माऊस सीपीयूला चिकटवला तरच चालतो. आधी ते खोकं शोधा.

सेलचं म्हणाल तर, रिमोट चालेनासा झाला की त्यातले सेल माऊसमध्ये घालायची आपल्याकडे सवय आहे. काटकसर मला मान्य आहे, पण इथे ती उपयोगाची नाही. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा. उतरत चाललेला सेल रिमोटची एखादी कळ निभावतो, माऊसला मात्र सतत बोलायचं असतं. सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी दिसली तर सेल आतून पाझरला आहे. ती भुकटी बोटाने पुसू नका. तो क्षार आहे. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या.

सेल ठीक असेल तर माऊसखाली काय आहे ते बघा. कचेऱ्यांतून टेबलावर काच असते, काचेखाली कॅलेंडर आणि देवाचा फोटो. माऊसच्या पोटातला छोटा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं घेतो आणि ती एकमेकांशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला ताडायला काही सापडत नाही. खाली वहीचा पुठ्ठा ठेवा आणि फरक बघा.

थोडा वेळ काम थांबवलं की माऊस मेल्यासारखा होत असेल, तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. ही खूण काढल्याने डेस्कटॉपच्या वीजबिलात जाणवेल असा फरक पडत नाही.

एवढं सगळं करूनही अडलं, तर माऊस आणि डोंगल दोन्ही घेऊन शेजाऱ्यांच्या संगणकावर लावा. तिथेही अडकला तर मात्र तो खरोखर बिघडला आहे, आणि मग नवा घ्यायला माझी हरकत नाही.

इथे टेबलावर संगणक मांडून ठेवला आहे. डोंगल मागच्या निळ्या पोर्टात आहे, शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क. मी कॉपी सुरू करतो. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी पुढे यावं आणि माऊस हातात घ्यावा. मग आपण डोंगल हलवू.